हात लावायचा नाही

"हे काय आणलंत आता?"

"पंप," श्रीपाल म्हणाले. "उभ्यानं मारायचा. चार दणक्यांत टायर दगडासारखं होतंय बघ."

माझ्या नवऱ्यानं तो कमरेएवढा पंप जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवला. त्याचं निम्मं अंग टेबलाबाहेर आलं. जुनी चादर पसरून मी दुसऱ्या दिवशीचं सामान मांडून बसले होते आणि तासभर आमचा एकच खेळ चालला होता. मी एक वस्तू बाजूला काढली की हे दोन आणून ठेवायचे.

"सायकल चालवू की हा मांडीवर घेऊन बसू?"

"दांडीला बांधायचा की. सुती दोरी आणलीय."

दोरी खरंच आणली होती. शिवाय मोठा पाना, पक्कड, इन्सुलेशन टेपची दोन भेंडोळी, तेलाची बुधली आणि, का कोण जाणे, एक मेणबत्ती. वीज मंडळात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, अंधाराची तयारी ठेवूनच घराबाहेर पडणार. नळ गळो, मिक्सर अडो, शेजाऱ्यांची बेल बिघडो, त्याला लागणारं हत्यार यांच्याकडे असायचंच. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि तोवर मी घरातला एक बल्ब बदलला नव्हता. येत नव्हतं असं नाही. मी स्टूल आणेपर्यंत यांनी बदललेला असायचा.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट, डिसेंबरातली. मी त्रेपन्न वर्षांची होते आणि सांगलीत एका शाळेत भूगोल शिकवत होते. मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला गेली तेव्हा तिची पातळ टायरची, वाकड्या हँडलची सायकल आमच्या जिन्याखाली पडून राहिली. धूळ पुसायला म्हणून ती बाहेर काढली, सहज म्हणून वर बसले, ती बसलेच. तीन वर्षांत मी आसपासचा सगळा मुलूख पालथा घातला. मग गावातल्या सायकलवाल्या मंडळींनी दोनशे किलोमीटरची राइड दरवर्षी ठेवायला घेतली, त्यात नाव दिलं. सकाळी सहाला निघायचं, मिरज, कवठे महांकाळ करत जतच्या पुढं जायचं, तिथं कार्डावर शिक्का घ्यायचा आणि संध्याकाळी साडेसातच्या आत परत यायचं. वाटेत बाहेरच्या माणसाची मदत घ्यायची नाही, असा कडक नियम. सायकल बिघडली तर आपल्याच सामानानं आपणच दुरुस्त करायची.

आदल्या वर्षी माझं चाक जतच्या अलीकडे बसलं. मी सायकलवरून उतरते न उतरते तोच श्रीपाल गाडीतून उतरले. सकाळपासून लपतछपत मागनं येत होते, मला पत्ताच नव्हता. दहा मिनिटांत त्यांनी ट्यूब बदलली, वर ग्लुकोजचं पाणी पाजलं. मी सव्वासातला पोचले. तिथं कार्डं तपासायला अवधूत बसला होता, राइड ठेवणाऱ्यांतला मुख्य, वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान. "काकू, बाहेरची मदत?" त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यानं माझ्या नावावर रेघ मारली. रेघ मारताना त्याचाच चेहरा पडला. श्रीपाल त्याच्याशी हमरीतुमरीवर आले. मी घरी येऊन आंघोळ केली आणि दोन दिवस यांच्याशी बोलले नाही.

म्हणून यंदा काय वाट्टेल ते होवो, कुणाचाही हात न लागता मला ही राइड पुरी करायची होती. म्हातारपणी हट्टाला पेटलीय, असं सगळे समजत होते. समजेनात का.

"हे बघा," मी टेबलावर बोट ठेवून म्हणाले. "जे बॅगेत मावेल आणि जे मला स्वतःला वापरता येईल, तेवढंच बरोबर येणार. पंप आत घेऊन जा."

सीटखालची बॅग ती केवढी, पोरींच्या शाळेच्या डब्याएवढी. तिच्यात मी एक ट्यूब घातली. टायर रिममधून उचकटायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या घातल्या. ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी सळ्यांच्या पान्यांचा, घडीचा संच, चेन तुटलीच तर जोडायला एक कडी, आणि पंक्चरची डबी, तिच्यात पॅच, पॉलिश पेपर आणि सोल्यूशनची नळी. वीतभर लांबीचा हातपंप दांडीला होता. पुढं पांढरा दिवा, मागं लाल, आणि अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. दिवे आणि जाकीट नसेल तर निघूच देत नाहीत.

"ट्यूबा दोन घे," श्रीपाल म्हणाले.

"एक बास. पॅच आहेत की."

"पद्मा, तो सगळा बाभळीचा भाग आहे. ऐक माझं."

"दोन घेतल्या तर डबी मावत नाही."

"मग डबी ठेव. उन्हात पॅच कोण लावत बसणार?"

"मी."

त्यांनी सुती दोरी काखेत मारली. पॅचचा विषय निघाला की हे असेच दुसऱ्या कामाला लागत. कारण पॅच लावायला मी शिकले होते रसूल नदाफकडे. आमच्या कोपऱ्यावरचं त्याचं सायकलचं दुकान. दीड महिना, रोज शाळा सुटली की मी त्याच्या पोत्यावर फतकल मारून बसायची. "वैनी, घाई करू नका. सोल्यूशन वाळू द्या, मगच पॅच," हे त्यानं मला शंभर वेळा तरी सांगितलं असेल.

"मी घरात असताना तू रसूलकडं शिकायलीस?" श्रीपालनी तेव्हा एकदाच विचारलं होतं.

"तुम्ही शिकवत नाही, करून टाकता," मी म्हणाले होते. ते खरं होतं, पण सगळं तेवढंच नव्हतं.

"उद्या मागनं यायचं नाही," बॅगेची चेन ओढत मी म्हणाले.

"नाही येत."

"नक्की?"

"सांगितलं ना एकदा."

दोन्ही हात खिशात घालून ते पंपाकडे बघत उभे राहिले.

सकाळी आम्ही एकवीस जण निघालो. त्यात बाई मी एकटीच. जाताना वारा समोरून होता. हिवाळ्यातला पूर्वेचा वारा. फळ्यावर बाण काढून मुलींना इतकी वर्षं तो शिकवला होता, आता सहा तास छातीवर घेतला. कवठे महांकाळपर्यंत द्राक्षाच्या बागा सोबतीला होत्या, पुढं रान मोकळं होत गेलं. जतच्या पुढच्या एका हॉटेलात बाराला शिक्का मिळाला. दोन प्लेट पोहे खाल्ले, बाटल्या भरल्या आणि परत फिरले. आता तोच वारा पाठीवर आला. इतका वेळ भांडलेलं माणूस अचानक गोड बोलायला लागावं तसं वाटलं.

जत मागं टाकून थोडी पुढं आले असेन, तोच मागचं चाक फदफदायला लागलं.

दोन वाजायला आले होते. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. ज्याची तयारी केली ते एकदाचं आलं. सायकल उलटी केली, चाक काढलं, पट्ट्यांनी टायर उचकटलं, जुनी ट्यूब काढून नवी घातली आणि हातपंपानं हवा भरली. चौतीस मिनिटं लागली. रसूल बघायला पाहिजे होता, असं मनात आलं. फुटकी ट्यूब गुंडाळून जाकिटाच्या मागच्या खिशात कोंबली आणि ऐटीत निघाले.

ती ऐट तीन किलोमीटर टिकली. चाक पुन्हा बसलं.

दोन वाजून चाळीस मिनिटं. अजून एकोणसत्तर किलोमीटर. होती ती एक ट्यूब संपली. दोन्हीकडे माळरान, एक खडी क्रशर, लांबवर मेंढरं. माझ्याबरोबरचे सगळे कधीच पुढं गेले होते. सायकल उलटी करून चाक काढलं, पट्ट्या शेजारी टाकल्या, मग मी मातीत बसले आणि स्वतःला एक शिवी हासडली, जी वर्गात तोंडातून गेली असती तर मला शाळेतून काढलं असतं.

तेवढ्यात मागं गाडी थांबली. दार लागलं, मग पुन्हा उघडून लागलं. गाडीचं दार दोनदा लावणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे.

"नाही येत म्हणाला होतात," मी मागं न बघताच म्हणाले.

"मागनं आलो नाही. जतला काम होतं."

"जतला तुमचं काय काम?"

"असतंय काहीतरी."

श्रीपाल समोर आले. एका हातात तो कमरेएवढा पंप, काखेत नवी कोरी ट्यूब. दोन घे म्हणून सांगत होतो, असं ते म्हणाले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं आजही लिहून ठेवते.

"सर बघू. पाच मिनिटांचं काम."

"नाही."

"अगं, कोण बघायलंय इथं?"

"मी बघतेय."

"पद्मा, घड्याळ बघ. हट्ट करायची वेळ आहे का ही? सर."

मला बाजूला करून ते चाकापाशी उकिडवे बसलेच. मातीतली पट्टी उचलली, उजव्या हातात धरली आणि टायरच्या कडेशी नेली. पट्टी कडेवर टकटक, टकटक वाजायला लागली. टायर आणि रिम यांच्या मध्ये जायची जागा केवढी, नखभर. पट्टी तिथं जाईना. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं. तरी टकटक थांबेना. शेवटी पट्टी हातातून मातीत पडली. त्यांनी हात खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लं नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"हाताचं. पर्युषणापासून."

एक ट्रक गेला. त्याची धूळ आमच्या दोघांवर बसली.

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? चहा अर्धा कप मागता. सही करायची असली की पाठ करून बसता. यंदा देवळात अभिषेकाचा कलश भाऊजींच्या हातात दिलात. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी स्क्रू-ड्रायव्हरच्या डब्यात ठेवलीत. मी तिथं कधी हात घालणार नाही असं वाटलं तुम्हाला. मी ॲलन की शोधत होते."

ते उकिडवे होते ते मांडी घालून मातीतच बसले. पांढरी पँट.

"कंपवात म्हणतात," ते म्हणाले. "वाढत जाणार म्हणे. हळूहळू. औषधानं ताब्यात राहतो, जात नाही."

"वाचलं मी."

"सांगणार होतो तुला."

"कधी?"

"तुझी ही राइड झाल्यावर." मग एकदम मान वर करून म्हणाले, "म्हणून रसूलकडं गेलीस?"

"हो."

"'मला शिकवा' म्हणाली असतीस तर मला करून दाखवायला लागलं असतं."

"हो."

"आणि मला वाटलं, तुला माझं शिकवणं आवडत नाही."

"ते तर आवडतच नाही."

ते हसले. हसता हसता तोंड वेडंवाकडं झालं आणि ते रडायला लागले. सासूबाई गेल्या तेव्हा एकदा मी त्यांना रडताना पाहिलं होतं, त्यानंतर हेच. माझा जीव तिळतिळ तुटला. त्यांना पोटाशी धरावं, सायकल गाडीवर टाकावी आणि घरी जावं, असं एक क्षण वाटून गेलं. गेलेही असते. पण मग घरी जाऊन काय? हे पुन्हा त्या डब्यात चिठ्ठी ठेवणार, मी पुन्हा न वाचल्यासारखं करणार, आणि एक दिवस हे स्टुलावरून पडणार, कारण बल्ब त्यांनीच बदलायचा.

"ऐका," मी म्हणाले. "उद्या दिवा गेला, नळ गळला, ही गाडी रस्त्यात बंद पडली, तुम्हाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर कोण करणार? मी करणार. मला ते येतं की नाही हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं पाहिजे. नाहीतर तुमचा विश्वास बसायचा नाही आणि तुम्ही मरेपर्यंत मला आणि स्वतःला फसवत राहाल. तो समोरचा किलोमीटरचा दगड दिसतोय? तिथं जाऊन बसा. हात लावायचा नाही."

"पद्मा..."

"बोलायचंही नाही. सल्ला म्हणजे मदतच."

ते उठले. पंप आणि ट्यूब गाडीत ठेवली. दार दोनदा लावलं. रस्ता ओलांडून त्या दगडावर बसले आणि पोरासारखे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

मी ट्यूब बाहेर काढली, थोडी हवा भरली आणि ती तोंडापाशी धरून हळूहळू फिरवत गेले. ओठांना बारीक थंड हवा लागली. सापडलं भोक. त्यावर खिशातल्या पेनानं फुली केली. पॉलिश पेपर घासला, सोल्यूशन लावलं आणि वाळायची वाट बघत बसले. पाच मिनिटं थांबणं इतकं अवघड असतं हे मला मुलीच्या बाळंतपणातसुद्धा कळलं नव्हतं. पॅच बसवला, अंगठ्यानं दाबला, ट्यूब परत टायरमध्ये घालायला घेतली.

दगडावर हालचाल झाली. श्रीपाल अर्धवट उठले होते. तोंड उघडलं होतं. माझी नजर जाताच त्यांनी तोंडावर हात दाबला आणि परत खाली बसले.

म्हणजे माझं काहीतरी चुकत होतं. मी चटकन त्यांच्याकडे पाठ केली. यांच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचणं हीसुद्धा मदतच, आणि हा चेहरा मी अठ्ठावीस वर्षं वाचत आले होते. पण आता चुकतंय हे कळलं ते कळलंच. ते कसं पुसायचं? मी ट्यूब खाली ठेवली आणि स्वतःला सांगितलं, बाई, तू शिक्षिका आहेस. एकाच गणितात दोनदा नापास झालीस. का झालीस?

खिशातली पहिली फुटकी ट्यूब काढली. तिच्यातही जेमतेम हवा भरून भोक शोधलं. मग दोन्ही ट्यूबा मातीत शेजारी शेजारी पसरल्या, हवा भरायची नळी नळीला लावून. पहिल्या ट्यूबचं भोक नळीपासून वीत आणि चार बोटं. दुसरीचं भोक, वीत आणि चार बोटं. नकाशावर दोन नद्या एकाच डोंगरातून निघाव्यात तसं.

दोष ट्यूबांचा नव्हताच. जे काय होतं ते टायरातच बसलेलं होतं आणि माझ्या नव्या ट्यूबची वाट बघत होतं. टायर उलटं करून त्याच अंतरावर आतून बोट फिरवलं. बाभळीच्या काट्याचं टोक, मोहरीएवढं. बोटातून रक्त आलं तेव्हा मला इतका आनंद झाला! बाहेरून काटा टायरच्या सपाटीला मोडला होता, नखात येईना. पक्कड मीच घरी ठेवली होती. सगळ्यांत बारीक ॲलन की घेऊन काटा आतून बाहेर रेटला. तिसऱ्या रेट्याला तो बाहेर पडला. मग सगळं टायर आतून पुन्हा पुन्हा चाचपलं.

मागनं एक मोठा उसासा ऐकू आला. मी ऐकलाच नाही असं दाखवलं.

चाक बसवलं. हातपंप सुरू केला. वीतभराचा पंप, एका दणक्यात हवा ती किती जाणार? तीनशे दणके मोजले. दंडात गोळे आले. अंगठ्यानं दाबून बघितलं, घट्ट लागलं. तरी दोन मिनिटं कान लावून बसले. हूं नाही की चूं नाही. सामान बॅगेत गेलं, बॅगेची चेन लागली. तीन वाजून चाळीस मिनिटं.

"आता बोलू?" दगडावरून आवाज आला.

"साडेसातनंतर. जा घरी. मागनं नाही, पुढं जा. आणि गाडी सावकाश चालवा."

गाडी माझ्या शेजारून गेली तेव्हा त्यांनी हॉर्न दिला नाही. मदत होईल म्हणून असेल.

एकोणसत्तर किलोमीटर आणि हातात चार तासांतली दहा मिनिटं कमी. ताजी असते तर हसत गेले असते. एकशे एकतीस किलोमीटर पायात असताना प्रत्येक चढ बघून शिव्या आठवत होत्या. कवठे महांकाळच्या अलीकडे थांबून टायर दाबलं. पॅच धरून होता. आमच्याकडे सूर्य मावळल्यावर खात नाहीत, म्हणून पावणेसहाला उभ्या उभ्या दोन केळी आणि चिक्की पोटात ढकलली आणि दिवे लावले. पुढं उजव्या पोटरीत गोळा आला. उतरले असते तर परत चढता आलं नसतं, म्हणून डाव्या पायानंच रेटत राहिले. मिरजेत शिरले तर लग्नाची वरात. घोड्याला, बेंजो पार्टीला आणि नवरदेवाच्या मामाला चुकवून मी पलीकडे कशी निघाले ते माझं मला माहीत नाही. मी एवढंच म्हणत होते, आज नाही थांबायचं. रडायचं ते घरी. आजारपण, दवाखाना, सगळं उद्या. आज फक्त चाक फिरलं पाहिजे.

सांगलीतल्या विश्रामबागेत मैदानाच्या फाटकाशी अवधूतनं टेबल मांडलं होतं, वर ट्यूबलाइट. मी सायकलसकट टेबलाला थडकलेच.

"सात बावीस!" तो ओरडला. "काकू, सात बावीस! कार्ड द्या."

त्याच्या मागं पाच-सात जण उभे होते, आधी पोचलेले. आणि एका बाजूला श्रीपाल, पँटला अजून माती, हात खिशात. घरी गेले नव्हतेच.

अवधूतनं पेन काढलं. "बाहेरची मदत?" विचारताना त्यानं मान खाली घातली. आदलं वर्ष त्यालाही आठवत असणार.

आता सांगायचं नाही असंही करता आलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं. पण मग दिवसभर मी नेमकं काय केलं होतं?

"माझा नवरा आला होता," मी म्हणाले. "जतच्या अलीकडे. गाडी घेऊन, पंप घेऊन, नवी ट्यूब घेऊन. एकदा पट्टी उचलली त्यांनी, पण पुढं मी हात लावू दिला नाही. तुझ्या नियमात बसतंय का बघ. नसेल बसत तर मार रेघ."

पेन तसंच राहिलं. अवधूत श्रीपालकडे वळला. "काका?"

"तासभर दगडावर बसवून ठेवलं मला," श्रीपाल म्हणाले. "तोंड उघडू दिलं नाही. काटा टायरात तसाच आणि ही ट्यूब घालायला निघालेली! जिभेवर आलेलं गिळलं मी. विचार तिला. जन्मात एवढं अवघड काम केलं नव्हतं."

कुणीतरी हसलं. अवधूतनं एकदा माझ्या काळ्या हातांकडे बघितलं, बोटावरच्या वाळलेल्या रक्ताकडे बघितलं, आणि कार्डावर सही केली. खाली वेळ लिहिली. सात बावीस.

हँडलला धरूनच मी उभी होते. श्रीपाल पुढं आले.

"आता धरू?"

"काय?"

"सायकल. राइड संपली ना?"

"संपली," मी म्हणाले. "धरा."

त्यांनी खिशातून हात बाहेर काढले. दोन्ही. ट्यूबलाइटच्या उजेडात उजवा हात चांगलाच कापत होता, लपवण्यासारखा नव्हता. सगळ्यांना दिसला. अवधूत खुर्चीवरून उठला.

"काका, थांबा, हात केवढा कापतोय तुमचा. थंडी वाजतेय का? द्या, मी नेतो सायकल."

"थंडी नाही रे," श्रीपाल म्हणाले, मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "कंपवात आहे मला. सायकल धरता येते."

मी हँडल सोडलं.